ताहितीतली आखाजी

माझा नवरा खताच्या गोणीवर छापलेलं सोडलं तर काही वाचत नाही. सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी पेपरातले मोठे मथळेच काय ते त्यांना दिसतात. त्यामुळे हे लिहायला मला कुणाची भीती नाही. फक्त नणंदेला विचारून घेतलं. ती म्हणाली, "लिख. पन नाव कोनंच टाकू नको." म्हणून नावं टाकलेली नाहीत.

आमचं घर धुळ्याला, देवपुरात. दुकान साक्री रस्त्याला, खतं, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. या धंद्यात एक पद्धत आहे. जो दुकानदार हंगामात भरपूर माल खपवतो, त्याला कंपनी जोडीने परदेशात फिरवून आणते. खपवतो कसा, तर शेतकरी युरिया मागायला आला की त्याच्या गळ्यात एक नको असलेली औषधाची बाटली मारायची. ही घेतलीस तर गोणी मिळेल. तो बिचारा घेतो, घरी नेऊन माळ्यावर टाकतो, आणि आम्ही बँकॉक बघतो. बँकॉक झालं, सिंगापूर झालं, बाली झालं. विमानातून उतरलं की घड्याळ थोडं पुढे करायचं, तारीख घरचीच राहते, एवढं आम्हा डीलरांच्या बायकांनाही पाठ झालं होतं. हे पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी कंपनीने ताहिती काढलं. ते कुठे आहे हे दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवले. प्रशांत महासागराच्या मधोमध बेटं, हिरवंनिळं पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या, माड. आठवडाभर तो दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते फोटो दाखवत होता. कपाशीला मर रोग लागला म्हणून रडत आलेल्या एका म्हाताऱ्यालाही दाखवले. मीसुद्धा हवेत होते, खोटं कशाला बोलू. मला एवढं पाणी एका जागी बघायचं होतं. देवपुरातल्या बाईला ही हौस का असते, ते ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला कळायचं नाही.

मग तारखा आल्या. सहलीच्या ऐन मध्यात आखाजी येत होती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सराफाच्या दुकानात गर्दी असते. आमच्या खानदेशात तो दिवाळीच्या वरचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघर सांजोऱ्या तळतात, आमरस होतो. आणि त्याच दिवशी मेलेल्यांना पाणी द्यायचं असतं. मातीची कोरी घागर भरून ठेवायची, वर आंबा आणि सांजोरी, शेजारी डांगर, म्हणजे खरबूज. दुपारी बाराच्या सुमारास मुलाने गेलेल्याचं नाव घेऊन स्वतःच्या हाताने त्या घागरीत पाण्याची धार सोडायची. त्या वेळी मेलेलं माणूस दारात येतं, पाणी पितं आणि जातं. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर सगळ्यांत महत्त्वाची, ती चुकवायची नाही. सासू जाऊन सहाएक महिने झाले होते, आणि तिची ती पहिली आखाजी होती.

ती कशी गेली ते सांगायला हवं.

तिचा जन्म पाणी भरण्यात गेला. नळाला पाणी कधी आठवड्याने यायचं, कधी त्याहून उशिरा. आलं की ही पिंप, ड्रम, हंडे, कळशा, शेवटी चहाची पातेली आणि वाट्यासुद्धा भरून ठेवायची. आम्ही गच्चीवर टाकी बसवली, मोटर लावली, तरी ती नळाशी पाट टाकून बसायची. सासरे, म्हणजे आबा, त्यांना तहान लागली की नुसते खाकरायचे. ती असेल तिथून उठायची आणि तांब्या घेऊन जायची. त्यांनी तिला कधी पेलाभर पाणी दिलेलं मी पाहिलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही. तो खाकरत नाही, "पाणी" म्हणतो, एवढाच बापलेकांत फरक.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या स्वादुपिंडाला सूज आली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, जे जाईल ते सलाईनमधून. सांगून ते गेले. त्यांना तिच्याजवळ बसायचं नव्हतं. बसायचं मला होतं.

"मन्हं तोंड सुकी गयं वं," ती म्हणायची. "घोटभर दे. कोनले सांगू नको."

मी कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांना लावायची. तो ती दातांत धरायची आणि चोखायची, मला ओढून काढावा लागायचा. नंतर नंतर ती शिव्या द्यायला लागली. "तुम्ही बठ्ठा तहाने मरशात," म्हणाली, आम्हा सगळ्यांनाच. शेवटी शेवटी नणंदही जामनेरहून येऊन बसायची. पलंगाच्या पायथ्याशी आबा बसलेले असायचे. त्यांचं एकच, डॉक्टरांनी सांगितलंय. नवरा बाहेर व्हरांड्यात गव्हाच्या बियाण्याचं फोनवर बोलत असायचा, आणि मधून दारात येऊन "काही मागते का" विचारून जायचा. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आशा ठेवू नका. तरी पाण्याची बंदी उठली नाही. एका सकाळी आम्ही गंगाजलाची कुपी उघडेपर्यंत तिचं तोंड मिटलेलं होतं.

स्मशानात नवरा सगळ्या भाऊबंदांसमोर मोठ्याने म्हणाला, "आई, आखाजीले मी स्वता तुले पानी पाजसू." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तसं बोलायला त्याला छान जमतं, दुकान त्यावरच चालतं.

आबांनी मात्र ते धरून ठेवलं. आयुष्यात बायकोला एक पेला न दिलेला माणूस माघातच कुंभाराकडे गेला आणि घागर पसंत करून आला. रोज सकाळी तिच्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. पहिली घागर पोराच्या हातून, भर दुपारी, आपल्या दारात भरली गेली की ती तहान फिटेल आणि आपणही सुटू, असं त्यांनी मनाशी घट्ट बांधलं होतं. मला त्यांची कीव यायची आणि तेवढाच रागही यायचा. जिवंतपणी ती दहा पावलांवर होती.

सहलीचं कळलं तेव्हा आबा ओसरीत बसले होते. ते ओरडले नाहीत. "आखाजीले घर सोडीसन जाशी?" एवढंच म्हणाले. "तुनी माय तहानली मरनी."

नवऱ्याने समजावलं. कंपनीने तारखा ठरवल्यात, आपल्या हातात नाही. आपल्याला स्टेजवर बक्षीस आहे. आपण नाही गेलो तर पुढच्या हंगामात एजन्सी दुसऱ्याकडे जाईल. आबा भिंतीकडे बघत होते. मग त्याने तोडगा काढला. "तठून फोन करसू, आबा. व्हिडिओवर बठ्ठं दिसस. तुम्ही अठे घागर मांडा, मी तठे नाव लिसन पानी सोडसू."

आबा दोन दिवस जेवले, झोपले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अट घातली. पाणी घरचं पाहिजे. नळाचं, तिने भरायची त्या पिंपातलं. नवऱ्याने बाटली भरली, देवातला तांब्या घेतला, आणि दोन्ही वस्तू आबांसमोर पिशवीत ठेवल्या. आबांचं जेवणखाण आणि सणाचं बघायला नणंद जामनेरहून येणार होती. ती नवऱ्याहून मोठी, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो.

पाण्याची बाटली मुंबईच्या विमानतळावरच गेली. नवऱ्याने ती हातातल्या पिशवीत ठेवली होती. तपासणीला बसलेल्या पोरीने ती बाहेर काढली. नवरा म्हणाला, "आईचं पाणी आहे." पोरीने बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि बाटली डब्यात टाकली. त्या डब्यात कुणाचं सरबत, कुणाचा शाम्पू, त्यातच सासूचं पिंपातलं पाणी. मागचा डीलर म्हणाला, "चला ना भाऊ, रांग थांबली." पलीकडे गेल्यावर नवऱ्याने तशीच एक बाटली विकत घेतली आणि मला म्हणाला, "आबांना काय दिसणार आहे?"

वाटेत विमानं बदलली, दरवेळी घड्याळ पुढे केलं. शेवटचं विमान लांब होतं. पहिले थोडा वेळ पत्ते चालले, मग सगळे घोरायला लागले. उतरायच्या आधी आमच्या टूरवाल्या पोराने उभं राहून सांगितलं की घड्याळ दोन तास पुढे करा, आणि बरं का मंडळी, तारीख मात्र कालची, तुम्हाला एक दिवस फुकट मिळाला. डीलरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, कंपनीने पहिल्यांदाच काहीतरी बाटली न घ्यायला लावता दिलं. नवरा पोटभर हसला आणि घड्याळ दोन तास पुढे केलं. तारखेचं त्याच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही, मी टाळ्या वाजवत होते.

ताहिती फोटोत होतं तसंच होतं, हे मला कबूल करायला हवं. आपल्याकडे फोटोतलं पाणी आणि खरं पाणी यांचा काही संबंध नसतो. इथे होता. आमची खोली पाण्यात खांबांवर उभी होती आणि तिच्या जमिनीत एक काच होती. काचेखालून मासे जायचे. डीलर त्या काचेवर पालथे पडून मासे बघत होते, त्यांची पोटं काचेला चिकटत होती. न्हाणीघरात एवढा मोठा टब की आमच्या घरचं आठवड्याचं पाणी त्यात मावेल. मी तो काठोकाठ भरला, त्यात बसले, आणि पाणी थंड होईपर्यंत उठले नाही. मला सासूची आठवण आली, पण मी उठले नाही.

कंपनीने सोबत स्वयंपाकी आणला होता. त्यामुळे त्या बेटावरही सकाळी पोहे आणि दुपारी शेवभाजी. तिथली माणसं नारळाच्या दुधात मुरवलेले मासे आणि भाजलेली केळी वाढायची, त्याकडे बघून आमच्या बायका पदर नाकाला लावायच्या. मी केळी खाऊन बघितली. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागेतलं. मी आजवर घड खाली लोंबतानाच बघितलेला. तिथल्या डोंगरात एक केळ होती, तिचा घड सरळ वर आकाशाकडे तोंड करून उभा. मी त्या झाडाखाली बराच वेळ उभी होते. माझ्या बापाला हे सांगितलं तर तो म्हणेल, तुला दाखवायला उलटं धरलं असेल कुणीतरी.

जेवणाच्या ठिकाणी एक बाई पाणी वाढायला होती. सासूच्याच वयाची असेल, अंगाने भरदार, पिकलेल्या केसांत पांढरं फूल. माझा पेला अर्धा झाला की ती तो भरायची. मी हाताने नको म्हटलं तरी हसायची आणि भरायची. पेला रिकामा होऊ द्यायचा नाही अशी तिथली रीत असेल, किंवा तिला पगार त्याचाच असेल. मला ती आवडली, आणि दोन दिवसांनी मला ती बघवेना. मी टेबल बदलून घेतलं.

पोचल्यावर नवऱ्याने आबांना फोन लावला होता. हिशेब सांगितला. "तुमना बारा वाजतीन तवय अठे रातना साडेआठ. आखाजीले मी बरोबर साडेआठले फोन लावस." वेळ त्याने बरोबर काढली होती. तो म्हणाला होता तसे धुळ्यात बारा वाजायचे तेव्हा आमच्याकडे साडेआठच वाजायचे. फक्त ते आदल्या दिवसाचे साडेआठ होते. आम्ही रात्रीच्या जेवणाला बसायचो तेव्हा धुळ्यात दुसरा दिवस अर्धा उलटलेला असायचा. बँकॉक-सिंगापूर फिरलेल्या माणसाला हे सुचायचं कसं? तिथे घड्याळ पुढे जातं, पण दिवस आपलाच असतो.

कंपनीचा मोठा कार्यक्रम होता त्या संध्याकाळी फोनवरची तारीख आखाजीच्या आदल्या दिवसाची होती. नवरा निश्चिंत होता. उद्या घागर, आज बक्षीस. त्याने फुलाफुलांचा सदरा घातला होता. समुद्राच्या काठावर स्टेज होतं, मशाली होत्या, ढोल होते. ढोल वाजवणारे आणि नाचणारे तिथले तरुण फार सुंदर नाचत होते. त्यांचे पाय वाळूतून उठतात कधी आणि पडतात कधी ते दिसत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे पाहुण्यांना स्टेजवर ओढायची वेळ आली. बक्षीस घेऊन नुकताच वर उभा असलेला माझा नवरा पहिला सापडला. त्याच्या कमरेला पॅन्टवरून गवताचा घागरा बांधला, डोक्यावर पानांचं कडं घातलं, आणि तो नाचायला लागला. आमच्याकडे लग्नात वाजंत्रीपुढे नाचतात तसा, दोन बोटं वर करून. डीलर शिट्ट्या मारत होते. मीही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्याचा फोन माझ्या पर्समध्ये होता. तो थरथरायला लागला. आबांचा व्हिडिओ कॉल. मी उचलला.

आधी अक्काचा चेहरा दिसला. फोन तिने धरला होता. मागे आमची ओसरी, लख्ख उन्हाची. रांगोळी, तिच्यावर घागर, घागरीवर आंबा. आबा धुतलेल्या धोतरात, टोपी घालून, मांडी घालून बसलेले. निखाऱ्यांवर तुपाचा धूर होत होता. भाऊबंदातली दोन-चार माणसं भिंतीला टेकून बसली होती.

"तो कोठे शे?" आबा म्हणाले.

मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ लागला. मग मी स्टेजकडे पळाले आणि फोन नवऱ्यापुढे धरला. तो अजून हलत होता. पडद्यावर बाप दिसला तसा थांबला. ढोल थांबले नाहीत.

"आबा, आखाजी उद्या शे ना," तो म्हणाला.

"आज शे." आबा डोळे बारीक करून बघत होते. ज्या डोळ्यांना काही दिसणार नाही असं तो म्हणाला होता त्या डोळ्यांना सगळं दिसलं. "हाई काय बांधेल शे कंबरले?"

नवऱ्याने घागऱ्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना. तिथल्या एका पोरीला वाटलं तो खेळतोय, तिने हसत हसत ती आणखी घट्ट केली.

"बारा वाजी ग्यात," आबा म्हणाले. "तुनी माय दारशी उभी शे."

"मी आत्ता टाकतो, आबा. खोलीत तांब्या आहे, पाणी आहे, पाच मिनिटं." घाबरला की तो घरची बोली विसरतो. तो स्टेजवरून उतरला, वाळूत धडपडला, खोलीकडे निघाला. खोली लांब, पाण्यावरच्या पुलाच्या टोकाला. मला त्याच्या मागे पळता पळता फोन धरावा लागत होता. पडद्यावर भिंतीला टेकलेल्यातलं कुणीतरी हसलं, ते मी ऐकलं.

तेवढ्यात अक्काचा आवाज आला. "आबा, येळ जाई ऱ्हायनी. मी टाकू का? तांब्या मना हातमाच शे."

"तू परघरनी," आबा म्हणाले. "तुना हातनं पानी तिले पोचत नही."

मी थांबले. सासऱ्यांशी मी वीस वर्षांत समोरासमोर कधी बोलले नव्हते. "आबा, अक्कांना टाकू द्या," मी म्हटलं. "त्या तिच्या पोटच्या आहेत. तिला पाणी हवंय, कुणाच्या हातचं ते ती बघणार नाही."

आबांनी अक्काच्या हातातून फोन घेतला. पडदा काळा झाला.

नवरा पुलाच्या मध्यावर उभा होता. मी सांगितलं, त्यांनी फोन कापला. त्याने पुन्हा लावला, लागला नाही. तो कठड्याला धरून खाली बसला आणि रडला, कमरेचं गवत सगळीकडे पसरलेलं. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही. मग कंपनीचे साहेब फोटोसाठी बोलावताहेत म्हणून टूरवाला पोरगा आला. नवऱ्याने तोंड धुतलं आणि तो गेला. तो फोटो आमच्या दुकानात लावलेला आहे. चांगला हसतोय त्यात.

दुसऱ्या संध्याकाळी, तिथल्या तारखेच्या आखाजीला, त्याने विकतच्या बाटलीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि आईचं नाव घेऊन समुद्रात सोडलं. एवढ्या खाऱ्या पाण्यात तांब्याभर गोडं पाणी. मी खोलीतूनच बघितलं.

परत आलो तेव्हा घागर ओसरीत पालथी होती. आबांनी फोन कापल्यावर काय झालं ते भाऊबंदांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, चवीने. आबा ऊन उतरेपर्यंत घागरीजवळ बसून राहिले. कुणाला हात लावू दिला नाही. मग स्वतः उचलून पाणी न्हाणीत ओतलं. "तहानली गयी, तहानलीच परत गयी," म्हणाले. नवऱ्याने शिंपल्यांची माळ आणली होती, ती आईच्या फोटोला घातली. आबांनी ती काढून अंगणात टाकली. त्या दिवसापासून ते पोराच्या हातचं पाणी पीत नाहीत. तहान लागली की खाकरतात, आणि तांब्या मला न्यावा लागतो.

अक्का अजून होती. तिला निघायचं होतं, पण बहुतेक माझ्यासाठी थांबली. नळ आला त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पिंपं भरायला बसलो. नवरा दुकानात, आबा पंख्याखाली पडलेले. मी म्हटलं, अक्का, तुम्ही टाकलं असतं तर बरं झालं असतं, आता ती कायमची तहानलेली राहिली.

अक्काने नळीचं तोंड एका पिंपातून काढून दुसऱ्यात घातलं. आबांच्या खोलीकडे एकदा बघितलं.

"ती तहानली नही गयी," ती म्हणाली. "तू चहाले खाले गयी व्हती ना, शेवटला दिनले? आबा झोपेल व्हतात. तवय मी तिले पानी पाजं. पेलाभर."

मी नळ बारीक केला.

"गटगट पिनी. मंग हासनी. म्हने, गोड शे वं." अक्काने पदराने नाक पुसलं. "सकाळले गयी. हाई बठ्ठासले कळनं तर म्हनतीन, पोरनी मारं मायले."

"अक्का, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

"माले म्हाईत शे. माले त्यानं काही वाटत नही." तिने पिंपावर झाकण ठेवलं. "माले एवढंच वाटस, आजून एक पेला पाजाले पायजे व्हता."

ती दुसऱ्या दिवशी जामनेरला गेली.

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्या रात्री आडवी पडल्या पडल्या झोपले. बोळा तिच्या दातांतून ओढताना जे माझ्या छातीवर बसलं होतं ते उठलं. खरं तर हे हलकं वाटणं मला घरात वाटता आलं असतं. नवरा झोपेत आई आई करतो. आबा सकाळी उठून दाराबाहेर बघतात, कुणी उभं असल्यासारखं. दोन वाक्यांचं काम आहे. अक्काचं नाव न घेताही सांगता येईल, मी पाजलं म्हणून माझ्यावर घेता येईल. मला भीती त्याची नाहीच.

मी सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. ज्याने जन्मभर खाकरून पाणी मागितलं, त्याने पोरीला परघरची म्हटलं. ज्याने स्मशानात टाळ्या मिळतील असं वचन दिलं, त्याने आईचं पाणी विमानतळावर विकत घेतलं. त्यांना वाटतंय की ती तहानलेली आहे. वाटू दे. ती जिवंत होती तेव्हा त्यांना तसं एकदाही वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर आखाजीला नवरा कुठेही जात नाही. कंपनीने एकदा दुबई दिलं, एकदा आणखी कुठलं बेट दिलं, तो गेला नाही. घागर सगळ्यांत मोठी आणतो. दुपारी बाराला सोवळं नेसून बसतो, आईचं नाव घेतो आणि धार सोडतो, आणि दरवेळी रडतो. आबा त्याच्या मागे बसून म्हणतात, "पयली नही ना ही. पयली एकच ऱ्हास." दरवर्षी म्हणतात. अक्का माहेरी आलेली असते, ती उंबऱ्याशी बसून सांजोऱ्या वाटते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही.

या वर्षी धार संपल्यावर नवऱ्याने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल झालेले, नाक वाहत होतं. "पोचलं असेल का गं तिला?" त्याने विचारलं.

"काय माहीत," मी म्हटलं, आणि सांजोऱ्यांचं ताट त्याच्यापुढे केलं.